पाच मिनिटांच्या आतलं

शीतगृहाच्या कंप्रेसर खोलीत तीन यंत्रं होती. कागदोपत्री त्यांना एक, दोन, तीन असे आकडे होते. कामगार त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. मधली आणि धाकटी सरळमार्गी होत्या. थोरलीचा नेम नव्हता. कधी चार दिवस मुकाट चालायची, कधी एकाच पाळीत तीनदा बसायची, म्हणजे बंद पडायची. आणि लोण्याची मोठी खोली नेमकी तिच्यावरच होती.

ती बसली की काय करायचं हे तिन्ही ऑपरेटरांना तोंडपाठ होतं. तीन मिनिटं थांबायचं, दाब उतरू द्यायचा. पॅनलचं झाकण उघडून डावीकडच्या तिसऱ्या रिलेवर, म्हणजे विजेच्या छोट्या डबीवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकायचं आणि हिरवं बटण दाबायचं. चौथ्या मिनिटाला थोरली पुन्हा घुमू लागायची.

यातलं काहीही रजिस्टरात जात नसे. पाच मिनिटांच्या आतलं बंद पडणं लिहायचं नाही, हा खोलीचा जुना रिवाज होता. त्याला कारणही होतं. दाराशेजारी काचेच्या पेटीत तापमानाचा गोल चार्ट होता. घड्याळासारखा फिरणारा कागद आणि त्यावर रेघ ओढणारी सुई. एक कागद सात दिवस चाले. थोरली चार मिनिटं बसली तर ती रेघ हलत नसे. जे चार्टवर दिसत नाही ते घडलं नाही, असं धरून पंधरा-सोळा वर्षं गेली.

तीन ऑपरेटरांपैकी एकाला सगळे मिनिटराव म्हणत. ‘जरा वेळानं येतो’ असं ते कधी म्हणत नसत. ‘सात मिनिटांत येतो’ म्हणत, आणि सातव्या मिनिटाला येत. दुसरे मास्तर. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण इंग्रजी उत्तम असल्यामुळे खात्यातले सगळे अर्ज त्यांच्या हातून जात. मास्तर आणि मिनिटराव साडू होते. मास्तरांच्या घरी थोरली बहीण, मिनिटरावांच्या घरी धाकटी. तिसरे मामा. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि ते रोज सकाळी बोटांवर मोजायचे.

शीतगृह नव्या कंपनीनं घेतलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. सगळ्या नोंदी इंग्रजीत करायच्या, ही एक. आणि टेबलावरचं सगळ्यांचं एकच रजिस्टर जाऊन त्या जागी प्रत्येकाला पाळीचा वेगळा कागद आला. पाळी संपली की तो घडी घालून भिंतीवरच्या कुलूपबंद पेटीत टाकायचा. किल्ली मॅनेजरबाईंकडे.

बाईंनी तिघांना बोलावून सरळ सांगितलं, “तीन महिने नोंदी बघते. थोरलीचा दोष कागदावर सिद्ध झाला तर नवं पॅनल मागवते. नाही झाला, तर यापुढे माल खराब झाल्यास त्या पाळीचा ऑपरेटर जबाबदार. त्याला मशीनवर ठेवता येणार नाही.”

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, “आता रिवाज-बिवाज पुरे. मिनिटभर बसली तरी लिहायचं. तिघांनी.”

“तिघांनी,” मिनिटराव म्हणाले.

मामांनी मान हलवली. “लिहीन बाबा. पण इंग्रजी?”

“काही झालं नसेल तर ‘निल’ लिहायचं, मामा.”

“आणि झालं असेल तर?”

“तर मला विचारायचं.”

अडचण मिनिटरावांचीही होती. कागदावर एक रकाना होता : दोष किती वेळा उद्भवतो. खाली बारीक अक्षरात सूचना होती की नेमका शब्द लिहावा, ‘सम्टाइम्स’ लिहू नये. मिनिटरावांना तेवढाच शब्द येत होता.

म्हणून रविवारची शिकवणी सुरू झाली. सकाळी नऊला मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघे साडू बसत. मिनिटरावांपुढे दोनशे पानी वही, मास्तरांच्या हातात लाल पेन. मास्तरांची पद्धत ठरलेली. शब्द नुसता पाठ करायचा नाही, त्यावर घरातलं खरं वाक्य करायचं. खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही, असं ते म्हणत.

“ऑकेजनली,” मास्तर म्हणाले. “कधीमधी. करा वाक्य.”

“ऑकेजनली... माझी बायको माझं ऐकते.”

“खरं वाक्य करायचंय ना, मिनिटराव?” ओट्यापाशी उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या. या मिनिटरावांच्या बायकोची थोरली बहीण. “माझ्या बहिणीला मी ओळखते.”

“स्पोरॅडिक,” मास्तर पुढे गेले. “एक इथे, एक तिथे. विखुरलेलं.”

“तुमच्या डोक्यावरच्या केसांसारखं?”

“ते ठिकाणाचं झालं. आपल्याला वेळेचं हवंय. तुमच्या थोरल्या भावाची पत्रं कशी यायची?”

“पाठोपाठ दोन, मग वर्षभर काही नाही, मग एकदम एक.”

“ते स्पोरॅडिक.”

मग ‘इंटरमिटंट’ आला : थांबतं, चालतं, पुन्हा थांबतं. ‘इरॅटिक’ आला, त्यात लहरीपणाचा वास आहे, यंत्राला चालेल पण माणसाबद्दल लिहिलं तर शिवी होईल, असं मास्तरांनी बजावलं. ‘फ्रॉम टाइम टू टाइम’ आलं. ‘वन्स इन अ ब्लू मून’ आलं तेव्हा मिनिटराव पेन खाली ठेवून म्हणाले, “हे आमच्याकडे आहे. सटीसहामाशी.”

“अगदी बरोबर.”

“मग मास्तर, एक सांगा. आपण ‘अधूनमधून’ म्हटलं की सगळं आलंच की त्यात. यांना इतके शब्द लागतात कशाला?”

“आपण ऐकणाऱ्याला ओळखतो. अधूनमधून म्हणताना हात किती हलला, त्यावरून त्याला कळतं. कागदाला हात दिसत नाही.”

मिनिटरावांना हे पटलं. ते मन लावून शिकले. एका पाळीत एकदा थोरली बसली आणि आधीचे चार दिवस बसली नव्हती तर कुठला शब्द, एका तासात दोनदा बसली तर कुठला, याचा त्यांनी वहीत तक्ता केला. आठवड्याच्या सगळ्या नोंदी ते आधी वहीत उतरवत. मास्तर लाल पेनानं तपासत, एखादा शब्द खोडून वर दुसरा लिहीत, आणि पानाच्या तळाशी बरोबरची खूण, सही आणि तारीख. शाळेतल्यासारखं.

पान तपासून झालं की मास्तर स्वतःचंही सांगत. “काल माझ्या पाळीत दोनदा बसली. नऊ वाजता एकदा, आणि परत एकला.”

“लिहिलंत ना?”

“म्हणजे काय! तुम्हाला शिकवतो आणि मी लिहिणार नाही?”

मध्ये मिनिटरावांचे सासरे आजारी पडले, तेव्हा ते नऊ दिवस रजेवर गेले. ताईही तिकडेच होत्या. मास्तर मात्र गेले नाहीत. दोघांना एकदम रजा मिळण्यासारखी नव्हती. ते नऊ दिवस मिनिटरावांची पाळी मास्तरांनी आणि मामांनी वाटून घेतली. परत आल्यावर मिनिटरावांनी पहिलं काय विचारलं तर थोरली किती वेळा बसली.

“विचारू नका,” मास्तर म्हणाले. “तुमची आठवण काढत होती.”

तीन महिने संपले. मॅनेजरबाईंनी तिघांना एका दुपारी खोलीत बसवलं. टेबलावर एक मोठा तक्ता होता, प्रत्येक पाळीला वेगळा रंग. मिनिटरावांनी दारातूनच पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, तक्ता अर्धवट राहिला आहे. ठिपके सगळे निळे होते.

“एकूण नोंदी एक्केचाळीस,” बाई मिनिटरावांना म्हणाल्या. “भाषा फार चांगली आहे. इतक्या नेमक्या नोंदी मी पाहिल्या नव्हत्या. निळा रंग तुमचा.”

“आणि यांच्या?”

“यांच्याकडे दोष नाही.” बाईंनी मामांचे कागद पुढे केले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात ‘निल’. मास्तरांच्या कागदांवर तेही नव्हतं. रकाना कोरा, खाली सुबक सही.

बाईंनी बोट तक्त्यावरून फिरवलं. “तुम्ही लिहिता की दोषाला नेम नाही. पण बघा, पहिल्या आठवड्यात तुमची सकाळ होती, थोरली सकाळी बंद पडली. दुसऱ्या आठवड्यात तुमची दुपार, ती दुपारी बंद पडली. तुम्ही नऊ दिवस रजेवर होतात, ती नऊ दिवस एकदाही बंद पडली नाही. मला तरी यात नेम दिसतो.”

“बाई, ती सगळ्यांच्या पाळीत बसते. चार मिनिटांत सुरू होते म्हणून चार्टवर येत नाही.”

“तेच म्हणते. चार्टवर काही नाही. फक्त तुमच्या कागदावर आहे.” बाई मामांकडे वळल्या. “तुमच्या पाळीत?”

मामा बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणाले, “मला कुठं येतं इंग्रजी, साहेब. काय लिहिणार मी?”

“मराठीत सांगा.”

“लिहिलंय तेच.”

“आणि मास्तर, तुम्ही?”

मिनिटराव मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत होते. दोघांच्या कोपरांत वीतभर अंतर असेल. मास्तरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

“नोंद आहे तीच, बाई.”

निर्णय त्याच बैठकीत झाला. पॅनल बदलण्याचं कारण दिसत नव्हतं. मिनिटरावांच्या हातून यंत्र का बंद पडतं हे कळेपर्यंत त्यांना माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर हजेरी द्यायची होती. बाहेर पडताना बाईंनी मास्तरांना थांबवून घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की कंप्रेसर खोलीला आता एक प्रमुख असेल, कायमच्या दिवसपाळीवर, आणि ते मास्तर असतील.

मिनिटरावांनी त्यांना सायकल लावायच्या जागेत गाठलं.

“तुम्ही मला दर रविवारी सांगत होतात. दोनदा बसली, तीनदा बसली.”

“बसतच होती.”

“लिहिलं म्हणालात.”

मास्तरांनी सायकलचं कुलूप काढलं. किल्ली दोनदा फिरवावी लागली. “पहिल्या आठवड्यात वाटलं, मामा काही लिहिणार नाहीत. मग कोण किती लिहितं ते बघू म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात बाई मला एकट्याला म्हणाल्या, तिघांतला एक प्रमुख करायचाय, ज्याची पाळी स्वच्छ त्याला. तोवर माझा रकाना कोराच होता. तो कोरा ठेवला.”

“मला सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्हीही कोरा ठेवला असता. मग त्यांनी निवडलं कुणाला असतं?”

उत्तर इतकं सरळ होतं की त्यात पकडायला काही नव्हतं. मिनिटराव म्हणाले, “अकरा रविवार तुम्ही माझं पान तपासलंत. प्रत्येक नोंदीवर लाल खूण केलीत. शब्द सुधारून दिलेत.”

“मी तुमचं इंग्रजी तपासत होतो, मिनिटराव. नोंदी नाही.”

घरी बायकोनं वही उलगडून पुढे ठेवली. “अहो, ही बघा सही. अकरा ठिकाणी. उद्या नेऊन दाखवा त्या बाईंना.”

“काय दाखवू? साडूनं इंग्रजी शिकवलं?”

“तुम्ही शब्द पाठ करत बसलात. माणूस नाही वाचलात.”

“तुझ्या ताईचा नवरा आहे.”

“म्हणून तर म्हणते,” ती म्हणाली, आणि बराच वेळ पातेली घासत राहिली. ती आधीच घासलेली होती.

धक्क्यावर मिनिटरावांचं काम खोकी मोजून आत घ्यायचं. मागच्या भिंतीपलीकडे कंप्रेसर खोली. भिंतीतून तिन्ही यंत्रांची घरघर येई आणि मिनिटरावांना त्यातली थोरलीची वेगळी काढता येई. ती बसली की बोलता-बोलता कुणी गप्प व्हावं तसं व्हायचं. मिनिटराव हातातलं खोकं तसंच धरून मोजत. एक, दोन, तीन, चार. घरघर सुरू. सवयीनं खिशातल्या वहीत तारीख, वेळ, मिनिटं टिपून ठेवत. दीड महिन्यात बावीस वेळा. कुणाला दाखवायची म्हणून नव्हे. न टिपलं तर त्यांना दिवस संपल्यासारखा वाटत नसे.

मॅनेजरबाईंना त्यांनी एकदा सांगून पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “भिंतीपलीकडून ऐकू आलेलं मी कुठल्या रकान्यात लिहू?”

मग तो शनिवार आला. दुपारचे अडीच. दोन ट्रक धक्क्याला लागलेले, लोण्याच्या खोलीचं मोठं दार उघडं, बाहेर ऊन रणरणत होतं. मिनिटराव खोकी आत घेत होते. थोरली बसली. त्यांनी मोजायला सुरुवात केली. चार झाली. पाच. सहा. सहाव्याला त्यांनी खोकं खाली ठेवलं. सातव्याला मास्तर बाजूच्या दारातून आले. शर्ट पाठीला चिकटला होता.

“मिनिटराव, जरा या.”

“किती वेळा ठोकलंत?”

“दहादा. घेतच नाहीये. या हो लवकर, चाळीस टन लोणी आहे आत.”

मिनिटराव गेले. जाणार नव्हते असं त्यांच्या मनातही आलं नाही. लोण्यानं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. आधी त्यांनी ट्रकवाल्यांना दार ओढून घ्यायला सांगितलं. पॅनलपुढे उभं राहून रिले नुसताच पाहिला. ठोकून-ठोकून त्याचा एक पाय खोबणीतून वर आला होता. मुख्य स्विच बंद केला, अंगठ्यानं रिले नीट दाबून बसवला, स्विच टाकला, हिरवं बटण दाबलं. थोरली दोनदा खोकली आणि घुमू लागली.

भिंतीवरच्या घड्याळात त्यांनी पाहिलं. अकरा मिनिटं.

मग रोजच्या सवयीनं त्यांची नजर दाराशेजारच्या काचेच्या पेटीकडे गेली. गोल कागदावर आठवड्याची रेघ सारखी होती, आणि शेवटाला सुई वर चढली होती. फार नाही; भाताच्या शिताएवढा उंचवटा. पण इतक्या वर्षांत असा उंचवटा त्या कागदावर त्यांनी पाहिला नव्हता. हा कागद बाई स्वतः दर सोमवारी सकाळी नऊला बदलत आणि पाळीच्या कागदांशी पडताळून बघत.

मास्तर टेबलाशी बसले होते. पाठ काचेच्या पेटीकडे. पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा करून त्यांनी तोंड पुसलं आणि पाळीचा कागद पुढे ओढला.

“लिहिणार ना?” मिनिटरावांनी विचारलं.

“सुरू झाली ना आता.” मास्तरांनी रकाना कोरा ठेवून खाली सही केली. “लिहिलं की बाई विचारणार, प्रमुख तिथं होता मग अकरा मिनिटं कशी लागली. कशाला उगाच? तुम्हीही कुणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलू?”

“उपकार झाले हां, मिनिटराव. मनात काही ठेवू नका. उद्या या घरी. बरेच रविवार आला नाहीत.”

मास्तरांनी कागदाची घडी घातली, उठले आणि तो कुलूपबंद पेटीच्या फटीतून आत सोडला. कागद तळाला पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मिनिटराव काचेच्या पेटीसमोरूनच दाराबाहेर गेले. एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्यासाठी एकही इंग्रजी शब्द लागणार नव्हता.

रविवारी नऊला ते बायकोला घेऊन साडूंकडे गेले. बायको येईना, तिला त्यांनीच आग्रह केला. वही नेली नव्हती. मास्तर खुशीत होते. प्रमुख झाल्यापासून किती कागद बघावे लागतात, मामा निवृत्तीचे दिवस चुकीचे कसे मोजतात, हे त्यांनी हसवत सांगितलं. ताईंनी दोनदा चहा केला. दोघी बहिणी ओट्याशी आधी तुटक आणि मग नेहमीसारख्या बोलू लागल्या.

मिनिटराव ऐकत होते आणि मधूनमधून घड्याळाकडे बघत होते. अजून वेळ होता. मॅनेजरबाई रविवारीही घरी फोन घेत. मास्तरांनी आज स्वतः फोन करून सांगितलं असतं की काल गडबडीत नोंद राहिली, तर फार तर बोलणी बसली असती. उद्या सकाळी नऊनंतर तेवढ्यावर भागणार नव्हतं. सव्वानऊ झाले. दहा झाले. मास्तर म्हणाले, “गप्प का? थोरलीचं मनावर घेऊ नका. तिला नेम नाही.”

“तिला नाही,” मिनिटराव म्हणाले.

अकराला पाच मिनिटं असताना ते उठले. चपला घालत असताना ताई दारापर्यंत आल्या. “इतके दिवस फिरकला नाहीत. आता असं करू नका. पुढच्या रविवारी येताय ना?”

मिनिटरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलाशीच बसून कसलासा अर्ज तपासत होते, हातात लाल पेन. त्यांनी मान वर केली नाही.

“बघू, ताई,” मिनिटराव म्हणाले. “आता येणं सटीसहामाशीच.”

जिन्यात बायकोनं विचारलं, “सांगितलंत का काही त्यांना?”

“नाही.”

“काही सांगायचं होतं का?”

मिनिटराव दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. वर स्वयंपाकघरात ताई कप विसळत होत्या, ते इथवर ऐकू येत होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सोमवारचे नऊ वाजायला बावीस तास आणि तीन मिनिटं होती.

“चल,” ते म्हणाले.